जुना कॉम्प्युटर भंगारात घालण्याआधी: घरासाठी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम आणि ब्राउझर

१४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० ला नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट मिळायचे बंद झाले. घरगुती वापरासाठी नाव नोंदवून ऑक्टोबर २०२६ पर्यंत मुदतवाढ घेता येते, पण तो तात्पुरता इलाज. विंडोज ११ घालावं म्हटलं तर त्याला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. ती पिढी बाजारात आली २०१७ मध्ये. त्यामुळे कोल्हापुरात राजारामपुरीपासून कसबा बावड्यापर्यंत घराघरांत असलेले त्याआधीचे लॅपटॉप आणि असेंबल करून घेतलेले डेस्कटॉप एकदम कालबाह्य ठरले. यंत्र चालतंय, स्क्रीन चांगली आहे, कीबोर्ड शाबूत आहे, तरीही.

दुकानात नेलं की बहुतेक वेळा दोन सल्ले मिळतात. नवीन घ्या, नाहीतर क्रॅक केलेलं विंडोज थोड्या पैशांत घालून देतो. पहिला सल्ला खिशाला जड आहे. दुसरा धोक्याचा आहे, कारण लायसन्स चुकवणाऱ्या त्या ॲक्टिव्हेटरांतून बऱ्याचदा व्हायरस येतो आणि त्याच कॉम्प्युटरवर आपण बँक उघडतो. तिसरा रस्ता आहे: विंडोजच्या जागी ओपन सोर्स ऑपरेटिंग सिस्टीम, म्हणजे लिनक्स. तिचा प्रोग्राम कसा लिहिलाय हे कुणालाही वाचता येतं, सुधारता येतं, दुसऱ्याला वाटता येतं. पैसे लागत नाहीत आणि लायसन्स कायदेशीर असतं.

हा लेख ज्यांनी लिनक्स फक्त नावाने ऐकलंय त्यांच्यासाठी आहे. सगळ्यात महत्त्वाचं आधीच सांगतो: क्रम चुकवू नका. आधी ब्राउझर बदला, मग रोजचे प्रोग्राम, मग पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालवून बघा, आणि शेवटी डिस्कला हात लावा. उत्साहाच्या भरात एका रविवारी सगळं पुसून लिनक्स टाकणारे लोक पुढच्या रविवारी परत विंडोजवर दिसतात. त्यात दोष लिनक्सचा कमी आणि घाईचा जास्त असतो.

पहिली पायरी: घरातल्या कामांची यादी

कागद घ्या आणि कॉम्प्युटरवर घरातलं कोण काय करतं ते लिहून काढा. प्रोग्रामचं नाव लिहू नका, काम लिहा. वडील वीजबिल भरतात, सातबारा बघतात, बँकेचं स्टेटमेंट काढतात. आई यूट्यूब बघते आणि भिशीचा हिशोब ठेवते. मुलगी महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरते, प्रोजेक्ट रिपोर्ट लिहिते. फोटो साठवायचे, कधीतरी प्रिंट काढायची.

ही सगळी कामं लिनक्सवर होतात. यातली निम्म्याहून जास्त तर ब्राउझरमध्येच होतात, म्हणून खाली ब्राउझरवर जास्त लिहिलंय.

आता अडणारी कामं. टॅली विंडोजचं आहे. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड लिनक्ससाठी निघत नाहीत. श्रीलिपीवर डीटीपी करणारे, उद्यमनगरात कॅडवर ड्रॉइंग करणारे, गुजरीत दागिन्यांचं डिझाइन सॉफ्टवेअर वापरणारे यांनी कामाचं यंत्र आहे तसं ठेवावं. विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणाऱ्या वाइन नावाच्या थराखाली यातले काही प्रोग्राम चालवता येतात असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. पोट ज्यावर आहे त्या कामासाठी मी तो सल्ला देणार नाही. जीएसटी किंवा आयकरासाठी यूएसबी टोकनवरची डिजिटल सही लागत असेल, तरी ते काम विंडोजवरच ठेवा. टोकनचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, पण नवख्याला ते बसवणं जड जातं. मूल एमएस ऑफिसची परीक्षा असलेला एखादा कोर्स करत असेल, तर तो संपेपर्यंत थांबा. उलट इंजिनिअरिंगला, बीसीए-एमसीएला असलेल्या मुलांना लिनक्सचा फायदाच होतो, कारण सी, पायथन, डेटाबेस हे सगळं तिथं सहज बसतं.

दुसरी पायरी: आहे त्याच विंडोजवर ब्राउझर बदला

कॉम्प्युटर तोच राहू दे. आज संध्याकाळी फक्त ब्राउझर बदला. यात काही बिघडण्यासारखं नाही आणि सवय लागायला वेळ मिळतो.

आधी एक गैरसमज दूर करतो. क्रोम हा ओपन सोर्स ब्राउझर नाही. त्याचा पाया असलेला क्रोमियम ओपन सोर्स आहे. त्यावर गूगल स्वतःचे बंद भाग चढवून क्रोम बनवतं. एज, ऑपेरा, विवाल्डी यांचंही तसंच, पाया क्रोमियमचा आणि वरचा मजला बंद. घरासाठी खरंच ओपन सोर्स असलेले ठळक पर्याय चार: फायरफॉक्स, क्रोमियम, ब्रेव्ह आणि लिब्रवुल्फ.

मी फायरफॉक्स सुचवतो. त्याची १.० आवृत्ती नोव्हेंबर २००४ मध्ये आली आणि त्यामागे मोझिला ही ना-नफा संस्था आहे. वेबपान वाचून पडद्यावर मांडणारं इंजिन बहुतेक ब्राउझरांत गूगलचं ब्लिंक असतं, ॲपलकडे वेबकिट असतं, आणि फायरफॉक्सकडे स्वतःचं गेको. सगळं जग एकाच इंजिनवर गेलं तर वेब कसं चालावं हे एकच कंपनी ठरवणार. त्याची चुणूक दिसलीही. क्रोमने एक्स्टेन्शनचे (ब्राउझरला जोडायच्या छोट्या प्रोग्रामचे, म्हणजेच ॲड-ऑनचे) नियम बदलले, मॅनिफेस्ट व्ही३ आणलं, आणि जाहिराती रोखणारं सगळ्यात चांगलं एक्स्टेन्शन, यूब्लॉक ओरिजिन, तिथं चालेनासं झालं. क्रोमवर आता त्याची फक्त हलकी आवृत्ती मिळते. फायरफॉक्सवर पूर्ण चालतं. मोझिलाच्या उत्पन्नाचा मोठा वाटा गूगलला मुख्य सर्च इंजिन ठेवण्याच्या करारातून येतो, हेही माहीत असू द्या. तरी आज घरासाठी निवडायचा तर मी हाच निवडेन.

फायरफॉक्स उतरवताना मोझिलाच्या स्वतःच्या साइटवरूनच उतरवा. सर्चमध्ये सगळ्यात वर येणारी जाहिरातीची लिंक टाळा. पहिल्यांदा उघडल्यावर तो क्रोममधले बुकमार्क आणि पासवर्ड आणायचे का विचारेल, हो म्हणा. मग एवढं करा:

१. ॲड-ऑनच्या अधिकृत पानावरून ‘यूब्लॉक ओरिजिन’ घाला. नाव नीट वाचा, मिळत्याजुळत्या नावांची दुसरी एक्स्टेन्शन असतात.

२. सेटिंग्जमध्ये प्रायव्हसीच्या भागात ‘एचटीटीपीएस-ओन्ली मोड’ (फक्त सुरक्षित जोडणीने साइट उघडणं) चालू करा. ट्रॅकिंग प्रोटेक्शन आधी ‘स्टँडर्ड’वरच राहू द्या. ‘स्ट्रिक्ट’वर काही सरकारी साइट अर्धवट उघडतात आणि मग घरातला माणूस ब्राउझरलाच शिव्या घालतो.

३. तिथंच परवानग्यांमध्ये नोटिफिकेशनच्या समोर ‘नवीन विनंत्या अडवा’ हा पर्याय निवडा.

४. पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवत असाल तर ‘प्रायमरी पासवर्ड’ लावा. तो नसेल तर यंत्रासमोर बसलेला कुणीही साठवलेले सगळे पासवर्ड वाचू शकतो.

यातल्या पहिल्या आणि तिसऱ्या मुद्द्यासाठी मी आग्रही आहे. घरातल्या वयस्कर माणसांची फसवणूक बरेचदा इथूनच सुरू होते. एखाद्या साइटने ‘अलाऊ’ दाबायला सांगितलं, आजोबांनी दाबलं, आणि दुसऱ्या दिवसापासून कोपऱ्यात ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस आहे, या नंबरवर फोन करा’ असं येऊ लागलं. ही जाहिरात असते. जाहिरात दिसलीच नाही आणि नोटिफिकेशन आलंच नाही, तर फोन करण्याची वेळच येत नाही. पडद्यावर आलेल्या नंबरवर कधीही फोन करायचा नाही, हे मात्र घरात सगळ्यांना बजावून ठेवा. पैसे गेलेच तर सायबर फसवणुकीसाठीची देशाची हेल्पलाइन १९३० आहे. जितक्या लवकर फोन कराल तितकी रक्कम अडवून धरता येण्याची शक्यता जास्त.

दुसरा ब्राउझरही जवळ असू द्या. एखादी हट्टी साइट फायरफॉक्समध्ये नीट चालत नाही, तेव्हा क्रोमियम किंवा ब्रेव्ह कामाला येतो. ब्रेव्हमध्ये जाहिराती रोखण्याची सोय आधीच असते, पण त्यात क्रिप्टो वॉलेट आणि रिवॉर्डची बटणंही असतात. सेटिंग्जमध्ये जाऊन ती बंद करा. लिब्रवुल्फ हे फायरफॉक्सचंच खासगीपणावर जास्त भर देणारं रूप. तो बंद केला की साइटच्या कुकीज पुसतो, म्हणजे दर वेळी सगळीकडे नव्याने लॉगिन. ज्याला हे हवंय त्याच्यासाठी उत्तम, पण घरच्या सामाईक कॉम्प्युटरवर रोज कटकट होईल.

बँकेच्या कामासाठी एक सोपी शिस्त लावा: हट्टी साइटसाठी क्रोमियम किंवा ब्रेव्ह यांतला एक घेतलात, तर उरलेला फक्त बँक आणि आयकरासाठी ठेवायचा. त्यात इतर काही उघडायचं नाही, एक्स्टेन्शन घालायची नाहीत.

तिसरी पायरी: रोजचे प्रोग्राम

अजूनही विंडोजवरच आहोत. एमएस ऑफिसच्या जागी लिब्रऑफिस, व्हिडिओसाठी व्हीएलसी, फोटोवर काम करायला गिंप, चित्रं-पत्रिकांसाठी इंकस्केप. हे सगळे विंडोजवरही चालतात आणि लिनक्सवरही. महिनाभर इथंच वापरून बघितलेत, तर ऑपरेटिंग सिस्टीम बदलल्यावर फक्त मेनू नवा वाटेल, काम ओळखीचंच राहील.

लिब्रऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्यांची एक हमखास अडचण सांगतो. फॉन्टचा आकार १६ केला तरी अक्षर वाढत नाही, असं होतं. कारण लिब्रऑफिस देवनागरीला ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या वेगळ्या गटात धरतं आणि त्या गटाचा फॉन्ट आणि आकार वेगळा ठेवतं. टूल्स, ऑप्शन्स, मग भाषेच्या सेटिंगमध्ये जाऊन हा गट चालू करा आणि त्याची मूळ भाषा मराठी ठेवा. मग परिच्छेदाच्या स्टाइलमध्ये देवनागरीसाठीचा फॉन्ट एकदाच ठरवून टाका. नोटो सान्स देवनागरी, ‘मुक्त’ किंवा आयआयटी मुंबईचा शोभिका, तिन्ही ओपन लायसन्सचे फॉन्ट आहेत. पत्रासाठी मला शोभिका आवडतो.

जुन्या मराठी फायली युनिकोड (सगळीकडे सारखी वाचली जाणारी अक्षरांची पद्धत) येण्याआधीच्या फॉन्टमध्ये असतील तर त्या सगळीकडेच इंग्रजी अक्षरांचा गोंधळ दाखवतील. त्या विंडोजवर असतानाच युनिकोडमध्ये बदलून घ्या, निदान पीडीएफ तरी करून ठेवा.

चौथी पायरी: यंत्राची ओळख

विंडोजच्या सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग अबाउट उघडा. प्रोसेसर, रॅम आणि ३२-बिट की ६४-बिट, तिन्ही तिथं दिसतं. डिस्क एसएसडी (चिपवर साठवणारी, वेगवान) आहे की फिरती हार्ड डिस्क, हे टास्क मॅनेजरच्या परफॉर्मन्स टॅबमध्ये कळतं.

प्रोसेसरच ३२-बिट निघाला तर मी तुम्हाला थांबवेन. उबुंटू आणि डेबियन ही लिनक्सचीच रूपं; उबुंटूने ३२-बिट कधीच सोडलं, डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत इन्स्टॉलर बंद केला, फायरफॉक्सनेही ३२-बिट लिनक्सला निरोप दिला. अशा यंत्रावर बँक उघडण्यात शहाणपणा नाही.

६४-बिट आहे, रॅम ४ जीबी आहे आणि हार्ड डिस्क फिरती आहे, असं बहुतेकांचं निघेल. इथं पहिला खर्च करायचा तो साध्या साटा एसएसडीवर. जुनं यंत्र मंद वाटतं त्याचं मोठं कारण ती फिरती डिस्क असते, आणि कितीही हलकं लिनक्स टाकलं तरी ते कारण जात नाही. रॅम ८ जीबी करता आली तर फारच छान. उघड्या टॅब रॅम खातात, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम काही करू शकत नाही.

एसएसडीचा आणखी एक मोठा फायदा आहे. नवीन एसएसडीवर लिनक्स टाकायचं आणि विंडोजसकट जुनी हार्ड डिस्क काढून कपाटात ठेवायची. काही जमलं नाही तर जुनी डिस्क परत लावली की सगळं पूर्वीसारखं. नवख्या माणसासाठी यापेक्षा सुरक्षित मार्ग मला माहीत नाही.

पाचवी पायरी: कोणतं लिनक्स?

इथं लोक अडकतात, कारण पर्याय शेकड्यांनी आहेत. खरं तर सगळ्यांचा गाभा एकच, लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये सुरू केलेलं लिनक्स कर्नल. त्याभोवती कोणते प्रोग्राम बांधायचे, पडदा कसा दिसावा, अपडेट किती दिवस द्यायचे, हे ठरवून जो संच तयार होतो त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा थोडक्यात डिस्ट्रो म्हणतात.

घरासाठी माझं उत्तर लिनक्स मिंट. २००६ पासून चालू असलेला हा प्रकल्प उबुंटूवर आधारलेला आहे. त्याच्या २२ क्रमांकाच्या मालिकेला २०२९ पर्यंत अपडेट मिळतील. डाव्या कोपऱ्यात मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ. विंडोज ७ वापरलेला माणूस पाच मिनिटांत रुळतो. मिंटची तीन रूपं आहेत: सिनॅमन, माटे आणि एक्सएफसीई. रॅम ८ जीबी असेल तर सिनॅमन घ्या, ४ किंवा त्याहून कमी असेल तर एक्सएफसीई. २ जीबी ही मिंटने सांगितलेली किमान गरज आहे, पण तेवढ्यावर ब्राउझर रडतखडत चालतो.

उबुंटूही चांगलं आहे. २००४ पासून आहे आणि दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येणाऱ्या एलटीएस (दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या) आवृत्तीला पाच वर्षं अपडेट मिळतात. त्याचा पडदा विंडोजपेक्षा बराच वेगळा दिसतो आणि ते जरा जास्त ताकद मागतं. नव्या यंत्रावर, शिकायची हौस असलेल्या मुलांना ते आवडेल. झोरिन विंडोजसारखं दिसण्यावर भर देतं, तेही घरासाठी ठीक. डेबियन हा १९९३ पासूनचा पाया आहे, उबुंटूही त्यातूनच आलं. अतिशय स्थिर, पण पहिलं लिनक्स म्हणून थोडं रुक्ष. फेडोरा दर सहा महिन्यांनी बदलतं, म्हणून घरी नको.

आपल्या सी-डॅकने बनवलेलं ‘बॉस’ लिनक्स आहेच, भारतीय भाषांचा विचार करून केलेलं. अभिमान वाटावा असंच काम आहे. पण अडल्यावर इंटरनेटवर उत्तर शोधायला गेलात की मिंट-उबुंटूची उत्तरं कितीतरी जास्त सापडतात, म्हणून नवख्यांना मी मिंटकडे पाठवतो. गूगलचं क्रोमओएस फ्लेक्स मोफत आहे, मात्र पूर्ण ओपन सोर्स नाही.

सहावी पायरी: पेन ड्राइव्हवरून चालवून बघा

८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या. त्यावर असलेलं सगळं पुसलं जाईल. मिंटच्या अधिकृत साइटवरून आयएसओ फाइल (अख्खं मिंट एका फाइलमध्ये) उतरवा, ती साधारण ३ जीबीची असते. उतरल्यावर तिचा एसएचए-२५६ आकडा (फाइलमध्ये फेरफार झाला नाही ना हे दाखवणारा) साइटवरच्या आकड्याशी ताडून बघा. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट क्लिक करून हा आकडा काढता येतो. हे नुसतं कर्मकांड समजू नका. फेब्रुवारी २०१६ मध्ये मिंटची साइटच फोडून कुणीतरी लिंक बदलली होती आणि काही लोकांनी बिघडवलेली फाइल उतरवली होती.

आता रूफस हा छोटा ओपन सोर्स प्रोग्राम उघडा, पेन ड्राइव्ह निवडा, आयएसओ निवडा, स्टार्ट दाबा. झालं की कॉम्प्युटर बंद करून चालू करा आणि लगेच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल, लेनोवो, एसरवर बहुतेक वेळा एफ१२, एचपीवर एस्केप किंवा एफ९, असुसच्या लॅपटॉपवर एस्केप. यादीतून पेन ड्राइव्ह निवडला की मिंट उघडेल. पडदा काळाच राहिला तर परत चालू करून मेनूतला ‘कम्पॅटिबिलिटी मोड’ घ्या.

या अवस्थेला लाइव्ह मोड म्हणतात. तुम्ही स्वतः इन्स्टॉल सुरू करेपर्यंत तुमच्या डिस्कवर काही लिहिलं जात नाही. पेन ड्राइव्हवरून सगळं थोडं सावकाश चालेल, त्यावरून वेगाचा अंदाज बांधू नका. तपासायचं ते हे: वाय-फाय जोडलं जातं का, आवाज येतो का, कॅमेरा आणि ब्लूटूथ चालतात का, ब्राइटनेस कमी-जास्त होतो का, झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का. वाय-फाय दिसत नसेल तर मोबाइल यूएसबी केबलने जोडून टेदरिंग (मोबाइलचं इंटरनेट कॉम्प्युटरला देणं) चालू करा आणि मिंटच्या ड्रायव्हर मॅनेजरमध्ये बघा. ब्रॉडकॉमच्या जुन्या वाय-फाय चिपचा ड्रायव्हर अनेकदा तिथं मिळतो.

प्रिंटरला स्वतंत्र वेळ द्या. एचपीच्या बहुतेक प्रिंटरांना एचपीनेच दिलेला ओपन सोर्स ड्रायव्हर मिंटमध्ये आधीच असतो. वाय-फायवर चालणारे अलीकडचे प्रिंटर बऱ्याचदा ड्रायव्हरशिवायच दिसतात. डोकेदुखी आहे ती कॅननच्या एलबीपी २९०० ची, आणि नेमका तोच प्रिंटर आपल्याकडे घरात, दुकानात, झेरॉक्स सेंटरवर भरपूर आहे. तो लिनक्सवर चालवता येतो, पण ड्रायव्हर बसवताना जाणकार माणूस जवळ हवा. तुमच्याकडे तो असेल तर इन्स्टॉल करायच्या आधी ही गोष्ट पक्की करा.

सातवी पायरी: बॅकअप, आणि मगच इन्स्टॉल

कोल्हापूरकरांना बॅकअपचं महत्त्व वेगळं सांगायला नको. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ मध्ये पंचगंगेचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा तळमजल्यावरच्या कॉम्प्युटरबरोबर लग्नाचे, बारशाचे फोटोही गेले, अशी घरं आपल्या माहितीत आहेत. बाहेरच्या हार्ड डिस्कवर सगळे फोटो, कागदपत्रं, हिशोब उतरवा. उतरवल्यावर दोन-चार फायली उघडून बघा. ही डिस्क कॉम्प्युटरशेजारी ठेवू नका, वरच्या मजल्यावर नाहीतर उंचावर राहणाऱ्या पाहुण्यांकडे ठेवा.

एसएसडीचा मार्ग घेतला असेल तर पुढचं सोपं आहे. पेन ड्राइव्हवरून मिंट चालू करा, डेस्कटॉपवरचं ‘इन्स्टॉल’ दाबा, भाषा निवडा. मराठीही आहे, पण सुरुवातीला इंग्रजी ठेवलीत तर इंटरनेटवरची उत्तरं पडद्याशी जुळतात. व्हिडिओसाठीच्या मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा, ‘इरेज डिस्क’ निवडा, टाइमझोन कोलकाता, नाव-पासवर्ड, झालं. पासवर्ड वहीत लिहून ठेवा.

एकाच डिस्कवर विंडोजही ठेवायचं असेल तर आधी विंडोजमध्ये तीन कामं: बिटलॉकर (डिस्कला कुलूप घालणारी सोय) चालू असेल तर त्याची रिकव्हरी की लिहून घ्या, ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा, आणि डिस्क मॅनेजमेंटमधून निदान ५०-६० जीबी जागा मोकळी करा. मग इन्स्टॉलरमध्ये ‘विंडोजसोबत’ हा पर्याय निवडा. तिथं ‘इरेज डिस्क’ चुकूनही दाबू नका.

पावसाळ्यात वीज जा-ये करत असेल तर डेस्कटॉप यूपीएसवर असल्याशिवाय हे काम काढू नका. लॅपटॉपची बॅटरी संपलेली असेल तर तोच नियम.

आठवी पायरी: पहिल्या दिवसाची कामं

अपडेट मॅनेजर उघडा आणि सगळे अपडेट घ्या. ड्रायव्हर मॅनेजर एकदा बघा. टाइमशिफ्ट उघडून आठवड्याला एक स्नॅपशॉट ठरवा. एखाद्या अपडेटनंतर काही बिघडलं तर सिस्टीम मागच्या तारखेला नेता येते. मात्र टाइमशिफ्ट सिस्टीमच्या फायली सांभाळतो, तुमचे फोटो नाही.

नवीन प्रोग्राम हवा असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून घ्या. गूगलवर शोधून कुठल्याही साइटवरून डाउनलोड करायची विंडोजची सवय इथं सोडायची आहे. यूट्यूबवर कुणी सांगितलं म्हणून टर्मिनलमध्ये (लिहून आज्ञा द्यायच्या खिडकीत) न समजणारी ओळही चिकटवू नका.

मराठी टायपिंग: इनस्क्रिप्ट येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये लेआउटच्या टॅबवर जाऊन मराठीचा लेआउट जोडा, बस. इंग्रजी अक्षरांतून मराठी लिहायची सवय असेल तर सॉफ्टवेअर मॅनेजरमधून ‘आयबस-एम१७एन’ घ्या, ‘इनपुट मेथड’मध्ये आयबस निवडा, लॉगआउट करून परत या आणि आयबसच्या यादीत मराठीखालचा आयट्रान्स किंवा फोनेटिक जोडा. टायपिंगच्या क्लासमध्ये रेमिंग्टन शिकलेल्यांनी आपला लेआउट त्या यादीत आहे का हे लाइव्ह मोडमध्येच बघून घ्यावं.

घरातल्या प्रत्येकासाठी वेगळं खातं काढा. मुलांच्या आणि आजीआजोबांच्या खात्याला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार देऊ नका. आजीच्या डेस्कटॉपवर फायरफॉक्स, फोटो आणि व्हिडिओ कॉल एवढंच राहू द्या, अक्षर मोठं करा.

ओटीटी बघताना फायरफॉक्स डीआरएम (व्हिडिओची नक्कल रोखणारी सोय) चालू करायचं का विचारेल, तिथं हो म्हणावं लागतं. चित्राची स्पष्टता काही सेवांवर विंडोजपेक्षा कमी मिळते. तो त्या सेवांचा निर्णय आहे, तुमच्या यंत्राचा दोष नाही.

अडल्यावर कुणाला विचारायचं

आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे व्हिडिओ धडे मोफत आहेत आणि लिनक्स, लिब्रऑफिससारख्या विषयांवरचे धडे मराठी आवाजातही आहेत. नवख्याने सुरुवात तिथून करावी. रोज एक धडा पुरे.

शेजारच्या इंजिनिअरिंगच्या पोराला विचारायलाही संकोच करू नका. पण विचारताना ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. काय करत होता, पडद्यावर नेमका कोणता संदेश आला, त्याआधी काय बदललं, हे तीन सांगा आणि संदेशाचा फोटो काढून ठेवा. मिंटमध्ये ‘सिस्टीम इन्फॉर्मेशन’ उघडलं की यंत्राची सगळी माहिती एका बटणावर कॉपी होते. ती प्रश्नाबरोबर दिलीत तर समोरच्याचा अर्धा तास वाचतो. फक्त पाठवण्याआधी त्यात स्वतःचं नाव किंवा वाय-फायचं नाव दिसत असेल तर ते काढून टाका.